शेऱ्यापासून निर्णयापर्यंत : जुन्या पोलादी पुलांची पाहणी



सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. विश्वेश्वरय्या जन्माने म्हैसूरचे, पण अभियंता म्हणून घडले ते महाराष्ट्रात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि 1884 साली ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. पुढे 1903 साली खडकवासला धरणावर त्यांची स्वयंचलित दारे बसली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दारे आपसूक उघडायची आणि पातळी उतरली की मिटायची. मध्यरात्रीच्या पुरात चौकीदाराला जाग आली नाही तरी धरण धोक्यात येऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

पुलाच्या बाबतीत असे आपसूक काहीच घडत नाही. गर्डर गंजला म्हणून घंटा वाजत नाही, आणि तडा गेला म्हणून पुलाच्या तोंडाशी फाटक पडत नाही. त्यासाठी कुणाला तरी पुलाखाली उतरावे लागते, पाहावे लागते, पाहिलेले लिहावे लागते. ते लिहिलेले वरच्या माणसाला वाचावे लागते आणि वाचून निर्णय घ्यावा लागतो. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की पुलाची पाहणी अहवालावर सही झाली म्हणजे संपत नाही. अहवालातल्या शेऱ्यावर निर्णय होऊन त्याची अंमलबजावणी झाली, की मगच ती संपते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पूल पडून जी माणसे गेली, त्यांतली काही शेरा आणि निर्णय यांच्यामधल्या अंतरात गेली आहेत.

हा विषय सोलापूरसाठी नवा नाही. दमाणी नगरचा रेल्वेवरचा ब्रिटिशकालीन पूल 1922 सालचा. ज्या गाड्यांसाठी तो बांधला त्या बहुतेक बैलांच्या होत्या, आणि शेवटची काही वर्षे त्याच्याभोवती जे शहर वाढले ते ट्रक, बस आणि हजारो दुचाकींचे होते. शंभरी ओलांडलेल्या या पुलावर जड वाहनांना बंदी झाली आणि 2025च्या डिसेंबरात रेल्वेने ब्लॉक घेऊन तो उतरवला. तेव्हा अनेकांना हळहळ वाटली, आणि रोजच्या वळशाचा त्रासही झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही मी म्हणेन, की जुना पूल माणसांनी ठरवून, दिवस आणि वेळ जाहीर करून, खाली एकही गाडी नसताना उतरवावा, हे त्याचे सर्वांत चांगले निवृत्त होणे आहे.

पण असे निवृत्त व्हायची पाळी येण्याआधी पूल अनेक वर्षे काही सांगत असतो. पोलादी पूल तर विशेष. पोलाद तुटण्याआधी बहुतेक वेळा ताणते, वाकते, रंग सोडते, गंजाचे ओघळ दाखवते. ते ओळखायला शिकलेला माणूस त्याच्याजवळ गेला पाहिजे. म्हणून ही पाहणी प्रत्यक्षात कशी करतात, ते आधी सांगतो. विद्यार्थ्यांना हे पुस्तकात मिळेल, पण नागरिकांनाही ते माहीत असावे, असे मला वाटते.

भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शिकेत पुलांच्या पाहणीचे तीन प्रकार सांगितले आहेत : नियमित पाहणी, मुख्य पाहणी आणि विशेष पाहणी. नियमित पाहणी डोळ्यांनी करायची असते. आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करण्याचा प्रघात आहे. मुख्य पाहणीत पुलाच्या प्रत्येक भागाला हात लागेल इतके जवळ जायचे असते. त्यासाठी शिडी, परांची किंवा पुलाखाली वळणारी यांत्रिक गाडी लागते. मोठा पूर, भूकंप, अपघात किंवा नेहमीपेक्षा फार जड वाहतूक झाल्यावर विशेष पाहणी होते. या तिन्हींमध्ये सर्वांत जास्त टाळली जाते ती मुख्य पाहणी. तिला पैसे लागतात, वाहतूक थांबवावी लागते आणि अंग मळते.

पुलावर जाण्याआधी कागद वाचायचे. मूळ आराखडे, आधीचे अहवाल, दुरुस्त्यांच्या नोंदी. जुन्या पुलांचे आराखडे पुष्कळदा सापडत नाहीत. मग टेप आणि व्हर्निअर घेऊन प्रत्येक पट्टी, प्रत्येक कोनपट्टी मोजून नवे आराखडे तयार करावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुलाची ताकद काढायची तर त्याला पर्याय नाही.

मग लांबून पाहायचे. कठडा एका ओळीत दिसतो का, गर्डरला झोल आला आहे का, एखादा खांब कलला आहे का. त्यानंतर रस्त्याचा पृष्ठभाग. इथे एक गोष्ट अगदी नजरेआड होते. दर काही वर्षांनी पुलावर डांबराचा नवा थर पडतो आणि जुना खरवडून काढला जात नाही. तीस मीटर लांबीच्या आणि सात मीटर रुंदीच्या पुलावर फक्त 50 मिलिमीटरचा थर टाकला, तर सुमारे 24 टन वजन वाढते. हे वजन ट्रकसारखे येऊन जात नाही, रात्रंदिवस पुलाच्या पाठीवर बसून राहते. तीन थर झाले की सत्तर टन. त्यात पुलाला टांगलेल्या पाण्याच्या वाहिन्या आणि केबलांची भर. वाहिनी गळत असेल तर वजनाबरोबर गंजही आला. म्हणून पाहणी करणाऱ्याने रस्त्याला लहानसे भोक पाडून डांबराची जाडी मोजली पाहिजे.

पुढची जागा म्हणजे एक्स्पान्शन जॉइंट. गर्डर उन्हाने लांबतो आणि थंडीने आखडतो, त्यासाठी पुलाच्या टोकाला जी फट ठेवतात ती. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि उन्हातले लोखंड त्याहून कितीतरी अधिक तापते. थंडीतली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत पोलादाच्या तापमानात 45 अंशांचा फरक धरला, तर तीस मीटरचा गर्डर सुमारे 16 मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा हवी. जॉइंटमध्ये माती, खडी आणि डांबर भरले, खालची बेअरिंग, म्हणजे गर्डर ज्यांवर टेकतो ते आधार, गंजून जाम झाली, तर गर्डर सरकू शकत नाही आणि सगळा रेटा टोकाच्या दगडी बांधकामावर येतो. तिथे उभा तडा दिसला तर दोष दगडात शोधू नये, वर बेअरिंगकडे पाहावे.

जॉइंट फुटला की त्यातून पाणी आणि धूळ थेट गर्डरच्या टोकावर पडते. पोलादी पुलाची सर्वांत आजारी जागा बहुधा हीच असते. वरून डांबर गुळगुळीत, मध्यभागी रंग चकचकीत, आणि टोकाशी, बेअरिंगच्या वर, अंधारात, कबुतरांच्या विष्ठेखाली लोखंड पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत असते. तिथे वाकून, खपल्या काढून, तारेच्या ब्रशने घासून, खाली उरलेले निरोगी लोखंड मोजावे लागते. लांबून काढलेल्या फोटोत हे दिसत नाही.

गंजाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘थोडा गंज आहे, रंग मारला की झाले’, असे म्हटले जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये तो साचला तर त्या पट्ट्या एकमेकींपासून ढकलतो, रिव्हेटची डोकी उडवतो. शिवाय पट्टीची जाडी घटते तेव्हा ताकद सगळ्या बाबतींत सारखी घटत नाही. बारा मिलिमीटरची पट्टी झिजून नऊ झाली, तर ओढ सोसण्याची तिची ताकद पाऊण उरते. पण तीच पट्टी दाबाखाली बाजूला फुगू नये म्हणून जो ताठरपणा लागतो, तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. तो उरतो सुमारे 42 टक्के. म्हणजे पावपट लोखंड गेले आणि निम्म्याहून अधिक आधार गेला. अहवालात नुसते ‘गंज आढळला’ असे लिहिणे म्हणूनच निरुपयोगी आहे. कुठल्या गर्डरच्या कुठल्या टोकाला, किती लांबीत, मूळ जाडी किती आणि उरलेली किती, हे लिहिले तरच पुढचा माणूस हिशेब करू शकतो.

रेल्वेवरच्या पुलांना गंजाचे आणखी एक कारण होते. कित्येक दशके त्यांच्या पोटाखालून कोळशाची इंजिने गेली. कोळशाच्या धुरातला गंधक आणि वाफ मिळून जे आम्ल तयार होई, ते रुळांच्या बरोबर वरच्या भागावर बसे. वाफेची इंजिने गेली, पण त्या काळातली झीज राहिली. आता खाली 25 हजार व्होल्टची तार आहे. त्यामुळे अशा पुलाच्या पोटाला हात लावायचा तर आधी वीज बंद करून, गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो. ब्लॉक मिळायला महिने लागतात. मिळाला तरी दोन-तीन तासांचा, बहुतेकदा रात्रीचा. त्या वेळात काम उरकायचे म्हणजे पाहणी घाईची होते. रेल्वेने आणि महापालिकेने हे ब्लॉक वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवले, तर घाई टळेल.

रिव्हेटची तपासणी हे जुन्या माणसांचे खास काम. एका हातात लहान हलका हातोडा, दुसऱ्या हाताचे बोट रिव्हेटच्या डोक्याला कडेने टेकवलेले. पक्का रिव्हेट खणखणीत वाजतो. सैल झालेला बद्द वाजतो आणि बोटाला त्याची हालचाल कळते. रिव्हेटच्या डोक्याभोवती तांबूस ओघळ दिसला तर तोही इशारा. पट्ट्या आतल्या आत घासत आहेत आणि लोखंडाची भुकटी पाण्याबरोबर बाहेर येते आहे, असा त्याचा अर्थ. हजारो रिव्हेट असे वाजवायचे, सैल असेल त्याला खडूने खूण करायची आणि वहीत क्रमांक टाकायचा. ही विद्या बाड-बिस्तऱ्यासह निवृत्त होते आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जुन्या मेस्त्रींना बोलावून ती विद्यार्थ्यांच्या हातात द्यावी, असे मला फार वाटते.

आता तड्याविषयी. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते, हे लहान मुलालाही माहीत असते. एकदा वाकवून तुटली नाही म्हणून ती पक्की ठरत नाही. पुलावरून प्रत्येक जड गाडी जाते तेव्हा पोलाद थोडे ताणले जाते आणि सुटते. लाखो वेळा असे झाले की रिव्हेटच्या भोकाशी, वेल्डच्या कडेला किंवा जिथे पट्टी कापून खाच केली आहे तिथे केसासारखा तडा सुरू होतो. हा ताण दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, कठड्याच्या वर मोळ्या रचलेले ट्रॅक्टर आणि भरलेले ट्रक महिनोन्‌महिने आपल्या रस्त्यांवरून जातात. जादा भरलेली एक खेप पुलाचे काही बिघडवत नाही असे वाटते. पण तिने पुलाचे जे आयुष्य खर्च केले, ते परत येत नाही. वजनकाट्याची पावती हा पुलाच्या पाहणीचाच भाग आहे, हे कारखान्यांनी आणि परिवहन खात्याने ओळखावे.

तडा शोधायला सोपा नसतो. रंगावर बारीक तांबूस रेघ दिसली की थांबायचे, रंग काढायचा, भिंगातून पाहायचे. शंका असेल तर रंगद्रव्याची चाचणी करायची : तड्यात द्रव शिरतो, वरचा पुसून पांढरी पूड लावली की रेघ उमटते. आतल्या दोषांसाठी अल्ट्रासोनिक यंत्र. आणि म्हणूनच पाहणीच्या आधी पूल रंगवू नये. आधी रंग, मग पाहणी, असा क्रम ठेवला तर इशारे रंगाखाली गाडले जातात. दुसरी एक सूचना : शतकभरापूर्वीच्या पोलादात गंधक आणि फॉस्फरस अधिक असू शकते. तशा पोलादावर सरसकट वेल्डिंग केले तर दुरुस्तीच नव्या तड्याला जन्म देते. आधी छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासावा, मग ठरवावे.

माणसांचे वजन हाही भार असतो, तो आपण विसरतो. पुलाच्या पदपथावर प्रत्येक चौरस मीटरला 400 किलो भार धरावा, आणि यात्रेच्या किंवा तीर्थाच्या गावाजवळ तो 500 धरावा, असे भारतीय रस्ते महासभेचे भारमानक सांगते. पंढरपूर आणि सिद्धेश्वर यात्रा ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. खच्चून भरलेला जमाव रस्त्यावरच्या मोटारींपेक्षा अधिक वजनदार असू शकतो. आषाढीच्या नियोजनात पोलिसांच्या बंदोबस्ताइतकेच पुलांच्या भारक्षमतेलाही स्थान हवे.

पाहणी झाली तरी पूल पडू शकतो का? दुर्दैवाने, हो. महाराष्ट्रातल्या तीन घटना पाहू. त्या मी दोष देण्यासाठी सांगत नाही. प्रत्येकीत साखळी वेगळ्या ठिकाणी तुटली, म्हणून सांगतो.

पहिली महाडची. मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल 1928 सालचा. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री, पुरात, तो कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. हा पोलादी पूल नव्हता, पण त्याचा धडा पोलादी पुलालाही लागू आहे. त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक नसल्याचे सांगितले गेले होते. पुलाचे पाय पाण्यात आणि गाळात असतात. वरून, काठावरून, कोरड्या दिवसांत पाहून पुरात काय होईल ते कळत नाही. त्यासाठी पाणबुडे लागतात, पायाजवळची खोली मोजावी लागते, आणि नदी ठरावीक पातळीच्या वर गेली की पूल बंद करण्याचा आदेश आधीच लिहून ठेवावा लागतो. इथे नजर पोचलीच नाही.

दुसरी मुंबईची. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल हा पादचाऱ्यांचा पोलादी पूल. 14 मार्च 2019च्या संध्याकाळी, घरी निघालेल्या गर्दीच्या वेळी त्याचा भाग रस्त्यावर कोसळला. सात जणांचा जीव गेला, तीसहून अधिक जखमी झाले. या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट झालेले होते आणि किरकोळ दुरुस्तीनंतर तो वापरण्यायोग्य ठरवला गेला होता. नंतरच्या चौकशीत लोखंडाच्या गंजाकडे बोट दाखवले गेले. म्हणजे पाहणी झाली, अहवाल आला, पण अहवाल चुकीचा होता. सहीच्या मागे मोजमाप नसेल, तर ती सही माणसांना खोटा धीर देते. अहवाल नसता तर निदान कुणाला शंका तरी आली असती.

तिसरी पुणे जिल्ह्यातल्या मावळची. कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण गेले, अनेक जखमी झाले. हा पूल धोकादायक आहे हे ठाऊक होते. तसा फलक होता, नव्या पुलाची तरतूदही झाली होती. नजर पोचली होती, शेराही बरोबर होता. फक्त पूल बंद झाला नव्हता. फलक वाचून माणसे थांबत नाहीत. पावसाळी रविवार असेल, पाण्याला जोर असेल, तर मुळीच थांबत नाहीत. धोकादायक पुलाच्या तोंडाशी भिंत किंवा खांब लागतात, गर्दीच्या दिवशी माणूस उभा करावा लागतो.

तीन घटनांत तीन ठिकाणी साखळी तुटली : एका ठिकाणी पाहणी पोचली नाही, दुसऱ्या ठिकाणी तिने चुकीचे सांगितले आणि तिसऱ्या ठिकाणी तिचे ऐकले गेले नाही. प्रत्येक घटनेनंतर पुलांच्या ऑडिटचे आदेश निघाले. ते आवश्यकच होते. पण आदेश काढून फक्त पहिला दुवा सांधला जातो. तिसरा तसाच राहतो. कुंडमळ्याला आणखी एक ऑडिट केले असते तरी त्यातून जे कळले असते, ते आधीच सगळ्यांना कळलेले होते.

जगानेही हे धडे महागात घेतले आहेत. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज 15 डिसेंबर 1967 रोजी गर्दीच्या वेळी कोसळला आणि 46 माणसे गेली. एका साखळीपट्टीतला जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीचा तडा त्याला कारण झाला. जोडणी सुटी केल्याशिवाय तो दिसलाच नसता. त्यानंतर त्या देशात पुलांच्या पाहणीचे राष्ट्रीय नियम आले. अलीकडचे उदाहरण मेम्फिसचे. मिसिसिपी नदीवरच्या हर्नांडो डी सोटो पुलाच्या मुख्य पट्टीत मे 2021 मध्ये पाहणीच्या वेळी मोठा तडा आढळला. पाहणी करणाऱ्यांनी तिथूनच आपत्कालीन क्रमांकावर फोन करून पूल बंद करायला सांगितले, आणि पूल तत्काळ बंद झाला. नंतर कळले की 2019च्या ड्रोनच्या चित्रीकरणात तोच तडा टिपलेला होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. या एका गोष्टीत दोन धडे आहेत. ड्रोन चित्र आणून देतो, त्याकडे पाहणारा जाणता डोळा आणून देत नाही. आणि पाहणी करणाऱ्याच्या हाती तिथल्या तिथे पूल बंद करण्याचा अधिकार असला, तर शेरा आणि निर्णय यांत एका फोनइतकेच अंतर राहते.

आपल्याकडे हे अंतर का वाढते? एक कारण मालकीचे. रेल्वेवरच्या पुलाचा रुळांवरचा भाग रेल्वेकडे, दोन्ही बाजूंचे रस्ते महापालिकेकडे किंवा बांधकाम खात्याकडे. दोघांच्या हद्दीवरचा जॉइंट कुणाचा, यावर पत्रव्यवहार चालू राहतो आणि पाणी मात्र त्याच जॉइंटमधून गर्डरवर पडत राहते. दुसरे कारण असे की पूल बंद करणाऱ्याला शिव्या मिळतात आणि चालू ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग 3 जुलै 2018 रोजी रुळांवर कोसळला. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये तो पूल वाहतुकीला पूर्ण बंद झाला, तेव्हा उपनगरातली माणसे कोंडीने हैराण झाली. नवा पूल संपूर्ण खुला व्हायला 2025 उजाडले. त्या दिरंगाईवर टीका व्हायलाच हवी. पण बंद करण्याचा निर्णय चूक होता असे मात्र म्हणू नये. वळशाचा त्रास आपल्याला रोज जाणवतो. वाचलेली माणसे कधी दिसत नाहीत, कारण ती त्या दिवशी नेहमीसारखी घरी पोचलेली असतात.

म्हणून काही ठोस गोष्टी सुचवतो आणि थांबतो.

पहिली, प्रत्येक जुन्या पुलाच्या अहवालात प्रत्येक शेऱ्यासमोर तीन रकाने असावेत : काय करायचे, कुणी करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत. तारीख उलटली आणि काम झाले नाही, तर पुलावरची भारमर्यादा आपोआप खाली यावी. खडकवासल्याच्या दारांमागचे तत्त्व आपण पुलाच्या कागदांत आणू शकतो. निर्णय कुणाच्या आठवणीवर किंवा धाडसावर अवलंबून राहू नये, अशी रचना करणे हेच अभियंत्याचे काम आहे.

दुसरी, पाहणी करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला पूल तात्पुरता बंद करण्याचा लेखी अधिकार द्यावा. त्याने सावधगिरीने पूल बंद केला आणि नंतर धोका नव्हता असे ठरले, तरी त्याच्यावर कारवाई होणार नाही, हेही लेखी असावे.

तिसरी, पुलाच्या दोन्ही टोकांना फलक लावावा. बांधल्याचे वर्ष, जबाबदार कार्यालय, शेवटच्या मुख्य पाहणीची तारीख, पुढच्या पाहणीची तारीख आणि भारमर्यादा. केंद्र सरकारने 2016 साली पुलांची देशव्यापी नोंदणी सुरू केली, ती चांगली गोष्ट झाली. पण संगणकातली नोंद पुलावरून जाणाऱ्या माणसाला दिसत नाही. फलक दिसतो, आणि पुढच्या पाहणीची तारीख उलटून गेली की तेही कुणाला तरी दिसते.

चौथी विद्यार्थ्यांसाठी. या शहरात आणि जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी परदेशातल्या पुलाचे संगणकी प्रारूप करण्याऐवजी जिल्ह्यातला एक जुना पूल दत्तक घ्या. संबंधित कार्यालयाची परवानगी घेऊन, अनुभवी अभियंत्याबरोबर जा, मोजा, रेखाटा, हातोडा वाजवायला शिका. पुढच्या वर्षीच्या तुकडीला तुमची वही द्या. दहा वर्षांच्या अशा वह्या एका कपाटात जमल्या, तर कुठलाही नवा अहवाल त्यांच्याशी ताडून पाहता येईल, आणि पट्टीची जाडी दर वर्षी किती घटते आहे हे सोलापूरला स्वतःच्या मोजमापावरून सांगता येईल.

आणि शेवटची आपल्या सर्वांसाठी. पूल बंद झाला की अधिकाऱ्याला पहिला प्रश्न ‘कधी उघडणार?’ असा विचारतात. यापुढे त्याच्या आधी ‘काय आढळले?’ हे विचारू या. उत्तर लेखी मागू या. ते समजून घेऊ या. आणि उत्तर पटले, तर वळसा घालून जाताना त्या अधिकाऱ्याच्या बाजूने उभे राहू या. धोक्याचा पूल वेळेवर बंद करणाऱ्या माणसाला गावाचा पाठिंबा असतो, हे एकदा दिसले की पुढचा अभियंता शेरा लिहिताना कचरणार नाही.